हट्टाचा हिशेब : फ्लीटवुड मॅकच्या ‘टस्क’चं डिलक्स खोकं

फ्लीटवुड मॅक या ब्रिटिश-अमेरिकी रॉक बँडच्या ‘टस्क’ या १९७९च्या जोडअल्बमची डिलक्स आवृत्ती डिसेंबर २०१५मध्ये आली. एलपीच्या मापाचं जाडजूड खोकं, आत पाच सीडी, दोन एलपी आणि एक डीव्हीडी-ऑडिओ. पहिल्या सीडीवर मूळ वीस गाणी नव्याने मास्टर केलेली आहेत. दुसरीवर सिंगल म्हणून, म्हणजे एकेकटं गाणं सुटं विकायला, निघालेली रूपं आणि गाण्यांचे कच्चे खर्डे. तिसरीवर तीच वीस गाणी, त्याच क्रमाने, पण वेगळ्या टेकमधून, म्हणजे त्याच गाण्याच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणांतून. चौथी-पाचवी म्हणजे १९७९-८०च्या दौऱ्यातलं जिवंत वादन. डीव्हीडीवर सराउंड मिक्स, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरांसाठी केलेली मांडणी.

निकाल आधीच सांगून टाकतो. नुसती गाणी ऐकायची असतील तर एवढा पसारा घरात आणू नका, २०१५चीच एका सीडीची साधी आवृत्ती पुरेशी आहे. पण बँडमध्ये कोणाचं चालतं, गाणं लिहिणाऱ्याचं की गल्ला मोजणाऱ्याचं, आणि त्यांच्यात तडजोड नेमकी कुठल्या क्षणी होते, हे प्रत्यक्ष टेपवर ऐकायचं असेल तर दुसरी आणि तिसरी सीडी वसूल आहेत. या विषयावर मुलाखतींमधून मिळतं ते बहुतेक नंतर सुचलेलं शहाणपण असतं. इथे तारखा घातलेले टेक आहेत.

अल्बमच्या मुखपृष्ठावर पँटचा पाय तोंडात पकडलेलं एक कुत्रं आहे. निर्माता केन कॅले याचंच ते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, ही आपली म्हण या चित्राखाली खुशाल छापावी, कारण बँडची अवस्था नेमकी तीच होती. त्यांचा आधीचा, फेब्रुवारी १९७७मध्ये आलेला ‘रूमर्स’ हा अल्बम अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत ३१ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. त्यातली चार गाणी पहिल्या दहांत गेली. वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमीही मिळालं. अशा यशानंतर कंपनीला हवा असतो तसलाच दुसरा अल्बम, आणि लवकर. बँडचा गिटारवादक, गायक आणि गीतकार लिंडसी बकिंगहॅमला मात्र नेमकं तेच करायचं नव्हतं. पंक आणि न्यू वेव्ह या तेव्हाच्या नव्या रॉकच्या उघड्यावाघड्या, कोरड्या आवाजाने तो झपाटलेला होता आणि ‘रूमर्स’ची गुळगुळीत मांडणी त्याला आता नकोशी झाली होती. वॉर्नर ब्रदर्स या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने ते सहन केलं. दुभत्या गाईच्या लाथा गोड, याखेरीज त्याला दुसरं कारण नाही. पहिला अल्बम काढणाऱ्या कोणी हीच मागणी केली असती तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

बँडच्या आतला सौदा जास्त मजेदार आहे. मिक फ्लीटवुड तेव्हा ढोलकऱ्याबरोबर व्यवस्थापकाचंही काम बघत होता, म्हणजे हट्ट आणि हिशेब दोन्ही त्याच्याच टेबलावर यायचे. ठरलं ते असं : बकिंगहॅम काही गाण्यांवर स्वतःच्या घरी काम करणार, तो माल घेऊन स्टुडिओत येणार आणि बाकीचे त्यावर आपापली वाद्यं चढवणार किंवा ते तसंच राहू देणार. गायिका स्टीव्ही निक्स आणि पियानो वाजवणारी गायिका क्रिस्टीन मॅकव्ही यांची गाणी मात्र नेहमीसारखी सगळ्यांनी मिळून, स्टुडिओतच. त्यासाठी लॉस एंजेलिसच्या व्हिलेज रेकॉर्डर या जागेत स्टुडिओ डी खास बांधून घेतला गेला. मालकी व्हिलेजचीच राहिली, मीटर बँडच्या नावावर फिरत राहिलं. एकूण खर्च दहा लाख डॉलरच्या पुढे गेला आणि एवढा खर्च झालेला हा रॉकमधला पहिला अल्बम म्हणून नोंदला गेला.

गंमत अशी की यातला सगळ्यात स्वस्त आवाज सगळ्यात महाग स्टुडिओच्या बिलाखाली येतो. ‘द लेज’ ऐका. जेमतेम दोन मिनिटांचं गाणं. गिटारच्या तारा खाली उतरवून तिच्याकडूनच बासचं काम करून घेतलंय, ढोल कोरडाठाक, आवाज अनेक थरांत पण मुद्दाम कचाकचा. घरी बकिंगहॅम टिश्यूपेपरच्या खोक्यावरही ठेका वाजवत असे, न्हाणीघराच्या फरशीला माइक चिकटवून जोर मारायच्या अवस्थेत गात असे. हे ऐकून विक्षिप्तपणा वाटेल, पण त्यामागे तंत्र आहे. न्हाणीघराच्या फरशीवरून आवाज लगेच आणि कडक परत येतो, आणि छाती दाबलेली असली की गाणाऱ्याला लांब, गोल स्वर लावताच येत नाही. म्हणजे ‘रूमर्स’मधला गोडवा शरीरानेच अशक्य करून टाकायचा. टेपचा वेग बदलून ध्वनिमुद्रण करणं ही दुसरी युक्ती. टेप संथ फिरवून गिटार वाजवायची आणि नेहमीच्या वेगाने ऐकायची. तार चढी, बारीक, चकाकती होते.

या पद्धतीत बिघडतं काय, तेही या सीड्यांवर कळतं. वेग थोडासाच हलवला की गाण्याचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी अडकतो. गिटार आणि बास जुळवून घेता येतात, पियानो नाही. त्यामुळे घरून आलेल्या अशा टेपवर क्रिस्टीनसारख्या पियानोवालीला एकतर टेपचा वेग पुन्हा हलवावा लागतो नाहीतर गप्प बसावं लागतं. दुसरी अडचण ठेक्याची. आधी गिटार आणि आवाज, मग त्यावर ढोल, अशा उलट्या क्रमाने काम केलं की ढोलकऱ्याला दुसऱ्याच्या डुगडुगत्या लयीमागे धावावं लागतं. बकिंगहॅमच्या काही गाण्यांत ढोलही त्याचाच आहे, ते का, याचं निम्मं उत्तर इथे असावं. उरलेलं निम्मं स्वभावात.

आता पैसा. वीस गाण्यांत बकिंगहॅमची नऊ, क्रिस्टीनची सहा, स्टीव्हीची पाच. एकाही गाण्यावर दोघांचं मिळून नाव नाही. ‘रूमर्स’मधल्या ‘द चेन’वर पाचही जणांची नावं होती, ‘टस्क’मध्ये तशी एकही जागा नाही, आणि मिक फ्लीटवुड नि बासवादक जॉन मॅकव्ही यांच्या नावावर एकही गाणं नाही. हा मुद्दा बहुतेक परीक्षणांत सुटतो, पण बँड चालवणाऱ्याने आधी हाच पाहावा. विक्रीतला बँडचा वाटा पाच जणांत पडतो, गीतकार-संगीतकाराचा वेगळा पैसा मात्र ज्याचं गाणं त्याला आणि त्याच्या प्रकाशकाला. १९७८च्या सुरुवातीपासून अमेरिकेत कायद्याने ठरलेला दर दर गाण्याला, दर प्रतीमागे २.७५ सेंट होता, आणि गाणं साडेपाच मिनिटांहून लांब असेल तर मिनिटाला अर्धा सेंट. पूर्ण दराने धरलं तर ‘रूमर्स’च्या अकरा गाण्यांचे प्रतीमागे तीस सेंट होतात, ‘टस्क’च्या वीस गाण्यांचे पंचावन्न. करारात कंपन्या हा दर अनेकदा कापतात, तरी दिशा बदलत नाही : अल्बम जोडीचा झाला की लिहिणाऱ्यांचा वाटा फुगतो, आणि ज्याची गाणी जास्त त्याचा जास्त. जो ढोल वाजवतो आणि जो बास वाजवतो, त्यांना दुसऱ्या तबकडीचा खर्च दिसतो, हा जादा पैसा दिसत नाही. ‘जोडअल्बमच हवा’ असं कोणी म्हणालं की ती कलेची मागणी आहे की हिशेबाची, हे अशा वेळी त्याला स्वतःलाही सांगता येईल की नाही शंका आहे.

बकिंगहॅमने हे पैशासाठी केलं असं मला सुचवायचं नाही. पैसा हवा असता तर दुसरा ‘रूमर्स’ काढणं किती सोपं होतं. पण ज्या बँडमध्ये तीन जण लिहितात आणि दोघं लिहीत नाहीत, तिथे गाण्यांची संख्या ठरवणारी बैठक ही पैशाचीच बैठक असते. ती वेगळी, आधी आणि कागदावर घ्यावी.

खरी तडजोड दिसते ती गाण्यांच्या क्रमात. म्हणून पहिली सीडी सलग न ऐकता एलपीच्या चार बाजूंप्रमाणे, पाच-पाच गाण्यांचे तुकडे करून ऐका. पहिली बाजू क्रिस्टीनच्या ‘ओव्हर अँड ओव्हर’ने सुरू होते. संथ, उबदार, ‘रूमर्स’च्या ग्राहकाला ओळखीचं. त्याच्या पाठोपाठ ‘द लेज’ची चापट. मग लगेच ‘थिंक अबाउट मी’, म्हणजे पुन्हा रेडिओवाल्यांच्या मांडीवर. नंतर बकिंगहॅमचंच पण मऊ ‘सेव्ह मी अ प्लेस’, आणि शेवटी स्टीव्हीची साडेसहा मिनिटांच्या आतबाहेरची ‘सारा’. कडू गोळी साखरेत घोळून देण्याचा हा उघड प्रकार आहे. बकिंगहॅमची दोन गाणी लागोपाठ येतात ती फक्त दोनदा : चौथ्या बाजूला ‘वॉक अ थिन लाइन’ आणि ‘टस्क’, आणि त्याआधी दुसऱ्या बाजूला ‘दॅट्स ऑल फॉर एव्हरीवन’ आणि ‘नॉट दॅट फनी’. ‘दॅट्स ऑल फॉर एव्हरीवन’ इतकं तरंगतं, सुरेल आहे की त्याचा धक्का बसतच नाही. चौथ्या बाजूला ‘टस्क’ हे शीर्षकगीत अल्बमचा शेवट असायला हवं होतं असं कान सांगतो, पण त्यामागे क्रिस्टीनचं ‘नेव्हर फर्गेट’ ठेवून श्रोत्याला दारापर्यंत नीट पोचवलंय.

या क्रमाने फायदा झाला तसा तोटाही झाला. एकेक गाणं वाचलं, पण अल्बमचा एकसंध चेहरा गेला. बकिंगहॅमची नऊ गाणी वेगळी काढून सलग लावा. पंचवीस मिनिटांच्या आसपासचा एक कडक, विचित्र, पूर्ण अल्बम निघतो. बाकीची अकरा लावा, तर ‘रूमर्स’हून थोडा संथ, थोडा उदास पण त्याच घराण्यातला अल्बम मिळतो. एका खोक्यात दोन अल्बम आणि दोघांनी एकमेकांना दिलेली सवलत, असं ‘टस्क’चं वर्णन करता येईल. स्ट्रीमिंगवर ही डिलक्स आवृत्ती पूर्ण आहे, तेव्हा अशा दोन याद्या करायला पाच मिनिटं लागतील. खोकं विकत घ्यायचं की नाही याचं उत्तर त्या ऐकूनच मिळेल.

दुसऱ्या सीडीकडे वळू. सुरुवातीला सिंगलसाठी बदललेली रूपं आहेत : ‘थिंक अबाउट मी’, ‘सिस्टर्स ऑफ द मून’, ‘नॉट दॅट फनी’, ‘सारा’. अल्बमवरचं रूप आणि सिंगलचं रूप पाठोपाठ लावलं की कंपनीच्या कानाला काय बोचत होतं ते नकाशासारखं दिसतं. ‘सारा’ जवळजवळ दोन मिनिटांनी छाटली आहे. रेडिओसाठी ही छाटणी चुकीची म्हणवत नाही, गाणं अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. पण ‘सारा’ची सगळी ताकद ती संपत नाही यात आहे. लाटा येतच राहतात, आणि कापलेल्या रूपात त्यातल्या कितीतरी लाटा नाहीत. ‘नॉट दॅट फनी’चं सिंगल रूप ही उलट बाजू : गाण्याला कितीही इस्त्री करा, चुरगळ तशीच. काही गाणी सिंगल होण्यासाठी जन्मालाच येत नाहीत, आणि तसं गाणं निवडणं ही गाण्याची चूक म्हणता येणार नाही.

त्यानंतर येतात ‘आय नो आय अ‍ॅम नॉट राँग’ची एकामागून एक रूपं, पहिल्या खर्ड्यापासून. संपादकांनी ती सलग लावली आहेत आणि हा या सीडीचा मोठा दोष आहे. तिसऱ्या रूपानंतर कान मेलेला असतो. त्यापेक्षा असं करा. पहिला खर्डा ऐका, मग सरळ पहिल्या सीडीवरचं पक्कं रूप. फरक लक्षात आला की मधली रूपं एकेक करून, वेगवेगळ्या दिवशी. ऐकताना तीनच गोष्टींकडे लक्ष ठेवा : ढोल कधी येतो, आवाजाचे किती थर आहेत आणि गाणं कधी लहान होतं. कच्चं गाणं हळूहळू पक्कं होत जातं अशी आपली समजूत असते. इथे काही गोष्टी आधी भरल्या गेल्या आणि नंतर काढून टाकल्या गेल्या. घरच्या खर्ड्यात असलेला हलकेपणा स्टुडिओत हरवतो आणि तो परत मिळवायला महिने जातात. अनेक बँडची हीच रड असते : डेमोच, म्हणजे कच्चा खर्डाच, बरा होता. त्यावरचा उपाय, म्हणजे डेमोची मूळ टेपच पायाला घेऊन तिच्यावर काम करणं, बकिंगहॅमने तेव्हा वापरला. आज लॅपटॉपवर ते कोणीही करतं, पण चोवीस ट्रॅकच्या टेपच्या काळात त्यासाठी घरी तशी यंत्रं हवी होती आणि ‘हे पुन्हा नीट वाजवू’ म्हणणाऱ्या तंत्रज्ञांशी रोज भांडावं लागे.

शीर्षकगीताचीही अशीच साखळी या सीडीवर आहे, आणि ती जास्त रंजक. मूळ चीज म्हणजे कार्यक्रमाआधी ध्वनी तपासताना वाजवायचा एक रिफ, पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरतुकडा. त्यावर गाणं बेतायचा प्रयत्न झाला, बारगळला, मग ढोलाच्या टेपचा एक तुकडा गोल जोडून फिरवत ठेवला गेला आणि त्यावर इमारत उभी राहिली. त्यावर पितळी वाद्यांचा बँड चढवायची कल्पना फ्लीटवुडची. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ट्रोजन मार्चिंग बँडचे ११२ वादक जून १९७९मध्ये डॉजर स्टेडियमवर आणले गेले. जॉन मॅकव्ही तेव्हा ताहितीला होता, त्यामुळे चित्रीकरणात त्याच्या जागी त्याचा पुठ्ठ्याचा कटआउट फिरवला आहे.

स्टेडियमच का? एवढी माणसं नेहमीच्या स्टुडिओत मावत नाहीत हे एक कारण. दुसरं म्हणजे मोकळ्या जागेत भिंती नाहीत, त्यामुळे पितळी वाद्यांचा आवाज परत येऊन गढूळ होत नाही. पण एक धोका असतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीस मीटर लांबच्या वादकाचा ठोका जवळपास एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. गणपतीच्या मिरवणुकीत मोठ्या पथकाच्या शेपटाशी उभं राहिलेल्याला हे समजावून सांगायला नको : पुढचा ताशा आणि मागचा ढोल एकाच हाताने वाजत असले तरी कानाला ते वेगळे येतात. यावर उपाय दोनच. वादकांना दाटीने उभं करणं, किंवा माइक जवळ लावून प्रत्येक विभाग वेगळा घेणं. पक्क्या मिक्समध्ये बँड गाण्यात हळूहळू मिसळत येतो आणि त्या सांध्यात लयीची किंचित घसरण ऐकू येते. ती दुरुस्त केली असती तर गाणं मेलं असतं. दुसऱ्या सीडीवर विद्यापीठाच्या बँडचं स्वतंत्र रूप आहे; ते मोठ्या स्पीकरवरच ऐकावं, फोनच्या स्पीकरवर तळाचा रिफ गळून नुसता गोंगाट उरतो. शब्द जेमतेम, सूर जवळजवळ नाही, एकशेबारा मुलांचा बँड, आणि तरी हे सिंगल अमेरिकेत आठव्या, ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर गेलं. अल्बममधलं सगळ्यात आडमुठं गाणंच पहिलं सिंगल म्हणून पुढे केलं होतं, हे धाडस आज कोणी करणार नाही.

मग ‘टस्क’ पडला, असं का म्हणतात? पडला म्हणणंच मुळात तुलनेतून आलंय. अल्बम ब्रिटनमध्ये पहिला, अमेरिकेत चौथा आला, जगभरात चाळीस लाखांच्या आसपास खपला असं सांगितलं जातं. दुसऱ्या कोणत्याही बँडने पेढे वाटले असते. ‘रूमर्स’च्या शेजारी ठेवल्यावर ते कमी दिसले. कारणांत पहिलं नाव किमतीचं घेतलं जातं : जोडअल्बमची छापील किंमत १५.९८ डॉलर, जेव्हा एका तबकडीचा अल्बम आठ-नऊ डॉलरला मिळत होता. त्यात १९७९ हे अमेरिकी रेकॉर्ड धंद्याचं मंदीचं वर्ष. शिवाय बाजारात येण्याआधी एका रेडिओ साखळीने पूर्ण अल्बम वाजवला आणि लोकांनी तो घरी कॅसेटवर उतरवून घेतला. फ्लीटवुडने याला बराच दोष दिला आहे.

ही सगळी कारणं खरी असली तरी पुरी पडत नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर पिंक फ्लॉइडचा ‘द वॉल’ आला. तोही जोडअल्बम, तोही महाग, त्याच मंदीत, आणि अमेरिकेत पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर बसला. माझ्या मते फरक दोन गोष्टींचा. त्यात एक कथा होती, त्यामुळे दोन तबकड्या घ्यायला कारण होतं. आणि त्यातलं एक गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘टस्क’मध्ये दुसरी तबकडी का घ्यावी, याचं उत्तर ‘कारण आमच्यात तिघं लिहितात’ एवढंच होतं. तिसरी बाजू ऐकताना हे विशेष जाणवतं. स्टीव्हीचं ‘एंजल’ आणि बकिंगहॅमचं जेमतेम दोन मिनिटांचं ‘दॅट्स इनफ फॉर मी’ सोडलं तर ती बाजू रेंगाळते. क्रिस्टीनच्या ‘ब्राउन आइज’मध्ये बँडचा संस्थापक पीटर ग्रीन, श्रेयनामावलीत नाव नसताना, गिटार वाजवून गेला आहे, त्याचा हात नीट ऐकायचा तर तिसऱ्या सीडीवरचं रूप लावा. बाकी तिसऱ्या सीडीचं महत्त्व अभ्यासापुरतं. वीसच्या वीस पर्यायी टेक एकसारख्या तोलाचे नाहीत, आणि एवढं खोकं घ्यायचं नसेल तर हीच तबकडी २०१६च्या रेकॉर्ड स्टोअर डेला, म्हणजे रेकॉर्डच्या दुकानांच्या वार्षिक दिवशी, वेगळ्या एलपीच्या रूपात आली होती, ती शोधावी.

चौथ्या-पाचव्या सीडीबद्दल तक्रार आहे. हे एका रात्रीचं पूर्ण वादन नाही. वेम्बली, टूसॉन, सेंट लुइस, ओमाहा अशा ठिकाणांहून उचललेले तुकडे आहेत. टाळ्या जोडून ते सलग भासवले तरी दर दोन-तीन गाण्यांनी ढोलाचा पोत बदलतो. पण एक गोष्ट इथे कळते जी स्टुडिओत कळत नाही. घरात एकट्याने रचलेलं ‘नॉट दॅट फनी’ रंगमंचावर पाच जणांच्या हाती पडलं की फुगतं, आक्रस्ताळं होतं आणि मूळ सव्वातीन मिनिटांच्या कितीतरी पलीकडे जातं. एकट्याचं गाणं बँडचं झालं ते दौऱ्यावर, रेकॉर्डवर नाही. त्या दौऱ्याचा जमाखर्च मात्र वाईट : शंभरावर कार्यक्रम, अफाट उधळपट्टी आणि शेवटी हातात फारसं काही नाही. फ्लीटवुडचं व्यवस्थापकपद त्यात गेलं.

पुढचं थोडक्यात. बँडने बकिंगहॅमला पुन्हा असा प्रयोग करायचा नाही असं बजावलं. १९८१मध्ये त्याचा स्वतंत्र अल्बम आला, स्टीव्हीचाही आला आणि तिचा पहिल्या क्रमांकावर गेला. फ्लीटवुडने घानाला जाऊन स्वतःचा अल्बम केला आणि त्यात ‘टस्क’मधलं ‘वॉक अ थिन लाइन’ पुन्हा घेतलं, हा मला त्या गाण्याचा मोठा सन्मान वाटतो. १९८२चा ‘मिराज’ हा बँडचा पुढचा स्टुडिओ अल्बम गोड, आटोपशीर, एका तबकडीचा. अमेरिकेत पाच आठवडे पहिला. आज तो किती जण मुद्दाम लावून ऐकतात?

डीव्हीडीबद्दल सावध राहा. ती डीव्हीडी-ऑडिओ आहे. साध्या डीव्हीडी प्लेअरवर या प्रकारच्या तबकडीतला उच्च दर्जाचा ध्वनी वाजत नाही. प्लेअरवर डीव्हीडी-ऑडिओचं चिन्ह आहे का आणि त्यातून सराउंडचा आवाज बाहेर काढायची सोय आहे का, हे आधी बघा, नाहीतर तो ध्वनी खोक्यातच राहील. दोन एलपींचं मात्र कौतुक. एका बाजूला वीस मिनिटांच्या आतबाहेरच ध्वनी असल्याने खोबणी रुंद राहते आणि बाजूच्या शेवटी आवाज फारसा चिरकत नाही; ‘सारा’ आणि ‘सिस्टर्स ऑफ द मून’ ही दोन्ही बाजूच्या शेवटाला आहेत, म्हणून हे महत्त्वाचं. ‘द लेज’मध्ये किंवा ‘दॅट्स इनफ फॉर मी’मध्ये फाटका, डब्यातला आवाज आला तर सुई बदलायला धावू नका. तो तसाच आहे.

जुन्या बाजारात घेणाऱ्यांसाठी दोन खुणा. १९७९च्या एलपीत प्रत्येक तबकडीला दोन-दोन पाकिटं होती, एकात एक. चारही आहेत का मोजून घ्या, एखादं हरवलेलं असणं नेहमीचंच. आणि सुरुवातीच्या काळातली सीडी स्वस्तात मिळाली तर दुकानातच लावून ‘सारा’ किती वेळाची आहे ते पाहा. साडेचार मिनिटांच्या जवळपास असेल तर ती कापलेली, एका सीडीवर सगळं बसवण्यासाठी. ‘टस्क’च्या सीडीवर पूर्ण ‘सारा’ हवी असेल तर २००४ किंवा त्यानंतरची आवृत्ती मागा.